नैराश्यामागचं कारण शोधताना: शरीर, गोळ्या आणि घरची परिस्थिती कशी तपासायची

‘वय झालंय, वाटणारच असं.’ ‘बाळंतीण आहे, रडू येतंच.’ ‘एवढं कर्ज डोक्यावर असताना कोण हसेल?’ ही वाक्यं घरात मायेनेच बोलली जातात, पण नैराश्यावरचे उपचार लांबतात ते बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच. एकदा कारण सापडलं की सगळे निवांत होतात. घसरून पडल्यावर पाय मोडला तर घसरण्याचं कारण कळून काय उपयोग, प्लास्टर घालावंच लागतं. नैराश्याचंही तसंच आहे. थायरॉइड, बाळंतपण, हार्ट अटॅक किंवा नोकरी जाणं यापैकी काहीही मागे असलं, तरी त्या कारणावर एक इलाज आणि नैराश्यावर दुसरा, असे बऱ्याचदा दोन्ही करावे लागतात. ते कोणत्या क्रमाने तपासायचं, ते इथे दिलं आहे.

सगळ्यात आधी धोका किती, ते बघा

माणूस ‘माझ्यानंतर हे असं करा’ अशी निरवानिरव करतोय, जपलेल्या वस्तू देऊन टाकतोय, ‘मी नसलेलाच बरा’ म्हणतोय, किंवा खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत झालाय, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच बऱ्याच जणांना आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचा प्रश्न: ‘कसं, कधी, असं काही ठरवलंय का?’ ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरातलं कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा शेजारच्या घरी हलवा. घरातच कुलपात ठेवलं तर किल्ली कुठे असते हे त्या माणसाला माहीत असतं. टोकाचा क्षण अनेकदा थोडा वेळच टिकतो आणि त्या वेळात हाताशी काही नसणं, हा जीव वाचवणाऱ्या सर्वांत खात्रीच्या उपायांपैकी एक आहे.

टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही केंद्र सरकारची सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने काही घरं रुग्णालयात जायला कचरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही. तेव्हा उशीर करू नका.

उदासपणा की नैराश्य?

पट्टी अशी आहे: दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ. दोन मुख्य खुणांपैकी निदान एक हवी, मन खिन्न असणं किंवा आधी आवडायच्या त्या गोष्टींतला रस जाणं. त्याशिवाय झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाली मंदावणं किंवा उगाच येरझाऱ्या, आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच चुकलं असं सतत वाटणं, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. सगळ्या मिळून पाच खुणा असल्या आणि रोजचं कामकाज अडत असलं, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली.

प्रत्यक्षात ‘मी उदास आहे’ असं म्हणत फारसं कुणी येत नाही. ‘डोकं भणभणतंय’, ‘अंगात त्राण नाही’, ‘जेवण गोड लागत नाही’, ‘पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही’ अशा तक्रारी असतात. पुरुषांच्या बाबतीत चिडचिड आणि वाढलेली दारू आधी दिसते. म्हाताऱ्या माणसांमध्ये विसरभोळेपणा दिसतो आणि घरचे स्मृतिभ्रंश समजून बसतात. ढोबळ फरक असा की नैराश्यातला माणूस ‘मला काही आठवत नाही’ अशी स्वतःच तक्रार करतो, तर स्मृतिभ्रंशातला बहुधा आपल्याला सगळं आठवतं असं सांगत राहतो. हा फरक पक्का नव्हे, डॉक्टरांना दाखवायचंच.

मोजमापासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र नैराश्य. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर असेल, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोला. आलेली बेरीज तारखेसह लिहून ठेवा. उपचार लागू पडताहेत का, हे पुढे त्याच आकड्यावरून कळेल.

आणखी एक प्रश्न विसरू नका. कधी सलग चार-पाच दिवस तीन-चार तासांच्या झोपेत भरपूर उत्साह, अखंड बडबड, मोठमोठे बेत, वारेमाप खर्च असं झालं होतं का? किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला तसं झालंय का? उत्तर ‘हो’ असेल तर हे बायपोलर आजारातलं (कधी खिन्नता, कधी अशी तेजी) नैराश्य असू शकतं. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन तेजीत येऊ शकतो. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कारण उदास असताना माणसाला आपले तेजीचे दिवस आजार वाटत नाहीत, त्यामुळे विचारल्याशिवाय तो ते सांगत नाही.

एका कागदावर महिने मांडा

कागदावर उभी रेघ ओढा आणि गेल्या बारा महिन्यांची नावं लिहा. डाव्या बाजूला मनाची स्थिती: कधीपासून बिघडलं, मध्ये कधी बरं होतं. उजव्या बाजूला बाकी सगळं: आजारपण, ऑपरेशन, नवीन गोळी, बदललेला डोस, बाळंतपण, पाळी अनियमित होणं, मृत्यू, नोकरी, घर बदलणं, रात्रपाळी, दारूचं प्रमाण. मग मन बिघडायच्या आधीच्या तीन महिन्यांत उजवीकडे काय आहे ते बघा. हे शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाबरोबर बसून करा, कारण नैराश्यात आठवणीही काळवंडतात आणि ‘मला आयुष्यभर असंच वाटतंय’ असं खरंच वाटू लागतं.

हा कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नुसती चिठ्ठी नेली तर काढे, चूर्णं, जिमची पावडर, मेडिकलमधून आपण होऊन आणलेली ॲसिडिटीची गोळी यातलं काहीच त्यात नसतं.

रक्ताच्या चाचण्या: कोणत्या आणि का

पहिल्या भेटीत साधारण एवढ्या पुरतात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिनही त्यातच), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), सोडियम आणि कॅल्शियम. सरकारी आरोग्य केंद्रांत यातल्या काही मोफत होतात. शंभर चाचण्यांचं पॅकेज घेण्याची गरज नाही. त्यात कुठला ना कुठला आकडा लाल रंगात येतोच आणि मुळातलं नैराश्य बाजूला पडून त्या आकड्याचीच काळजी सुरू होते.

*थायरॉइड.* ग्रंथी मंदावली की थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणं, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव आणि मंदावलेलं मन असं सगळं एकत्र येतं. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते, लॅबप्रमाणे थोडी बदलते. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर चाचणीच्या दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडा चुकीचा येऊ शकतो. गोळी सुरू झाल्यावर घोळ होतो तो चहाचा. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि चहा-नाश्त्याला निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर. चहाबरोबर गोळी घेतली की ती नीट शोषली जात नाही, टीएसएच उतरत नाही आणि डोस विनाकारण वाढत जातो. पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. टीएसएच जागेवर येऊनही मन उठलं नाही, तर नैराश्यावर वेगळे उपचार लागणार. ‘थायरॉइड आहे ना, म्हणून’ असं म्हणत वर्ष घालवलेले खूप जण असतात.

*बी१२.* शाकाहारी घरांत याची कमतरता फार दिसते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांमध्येही. तळपायांची आग, मुंग्या, लालबुंद दुखरी जीभ, विसरणं आणि खिन्नता या तिच्या खुणा. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० काठावरचं. इंजेक्शन घेण्याआधी रक्त द्या. आधी इंजेक्शन आणि मग चाचणी केली तर आकडा फुगलेला येतो आणि खरं काय होतं ते कधीच कळत नाही. नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

*हिमोग्लोबिन.* बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ॲनिमिया. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर नुसत्या लोहाच्या गोळीवर थांबू नका, रक्तस्रावाचं कारण शोधा.

*ड जीवनसत्त्व* कमी असेल तर भरून काढा, पण तेवढ्याने नैराश्य जाईल अशी आशा धरू नका. ६०,००० युनिटची आठवड्याची गोळी ठरलेले आठवडेच घ्यायची असते. ती महिनोन् महिने चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि चढलेल्या कॅल्शियमने बद्धकोष्ठता, मुतखडा आणि पुन्हा उदासपणाच येतो.

मोठ्या आजारांनंतर

हार्ट अटॅकनंतर साधारण पाचात एकाला मोठं नैराश्य येतं. पक्षाघातानंतर पुढच्या काही वर्षांत सुमारे एक तृतीयांश लोकांना. मधुमेहींमध्ये त्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट. माणूस गोळ्या विसरतो, चालणं सोडतो, पथ्य मोडतो आणि घरचे त्याला आळशी, बेफिकीर म्हणतात. हृदयरोग्याचं नैराश्य हाताळायचं ते त्याच्या हृदयासाठीही. अशा वेळी सरट्रालिन हे औषध बऱ्याचदा निवडतात. जुन्या पिढीतली ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधं हृदयाच्या ठोक्यांमध्ये गडबड करू शकतात म्हणून टाळतात. हार्ट अटॅक येऊन गेलाय हे मानसोपचारतज्ज्ञांना सांगायलाच हवं.

क्षयरोगाबद्दल सविस्तर, कारण हा आजार आपल्याकडे अजूनही खूप आहे आणि त्यातला हा भाग कुणी समजावून सांगत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात सायक्लोसेरिन दिलं जातं तेव्हा उदासपणा, भास, संशय असं काही दिसलं तर उपचार केंद्राला लगेच कळवा. त्याच आजारात लिनेझोलिड चालू असताना नैराश्याची नेहमीची औषधं घेतली तर ताप, थरथर, घाम, गोंधळ अशी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते. क्षयरोगाचे आणि मनाचे डॉक्टर वेगवेगळे असले तर दोघांनाही दोन्ही याद्या दाखवा. तसंच स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे त्याचा परिणाम कमी होतो, दुसरं औषध निवडायला सांगा.

पार्किन्सनमध्ये कंप दिसायच्या आधीही नैराश्य येऊ शकतं. जुनाट दुखणं आणि मन एकमेकांना वाढवतात, तिथे ड्युलॉक्सेटिनसारखं दोन्हीवर चालणारं औषध आहे. आणि झोप: मोठ्याने घोरणं, घोरता घोरता श्वास थांबणं, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्याजागी डुलकी, असं असेल तर झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे का ते तपासा. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडतो.

घरातल्या गोळ्या तपासा

कागदावरच्या उजव्या बाजूला यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना नेमकं बोट दाखवून विचारा:

– प्रेडनिसोलोन आणि इतर स्टेरॉइड. डोस जितका मोठा तितका धोका जास्त. एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.
– फ्लुनारिझिन. अर्धशिशी आणि चक्कर यासाठी आपल्याकडे सर्रास दिलं जातं. उदासपणा आणि हालचाली मंदावणं हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत, विशेषतः वयस्करांत आणि महिनोन् महिने घेतल्यावर.
– लेव्होसल्पिराइड. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये जोडीला असतं. चेहरा भावहीन होणं, पावलं आखडणं याने माणूस नैराश्यात असल्यासारखा दिसतो. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.
– लेव्हेटिरासेटाम (फिट्ससाठी), मॉन्टेलुकास्ट (दमा-ॲलर्जीसाठी), मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, इंटरफेरॉन. गर्भनिरोधक गोळ्यांनी काही जणींचं मन बिघडतं, सगळ्यांचं नाही.
– सर्पगंधा असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या. याच वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ती जगभर पोचली. पुढच्या दशकात तिच्यातल्या रिसर्पिनने काही रुग्ण उदास होतात असे अहवाल आले. ते कितपत खरं यावर आज वाद आहे, तरी आधीच नैराश्य असलेल्याने ती आपल्या मनाने घेऊ नये. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून ती यादीतून गाळू नका.

फिट्सची गोळी स्वतःहून बंद केली तर फिट येते. संशय कितीही पक्का असला तरी बदल डॉक्टरांनीच करायचा.

दारूचा हिशेब वेगळा. रोज पिणाऱ्याचं नैराश्य दारू सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं, म्हणून आधी दारू थांबवून मग पुन्हा पीएचक्यू-९ भरायचं. पण सकाळी उठल्यावर हात थरथरतात, प्यायल्यावरच थांबतात, अशी अवस्था असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो. रुग्णालयात थायमिन (बी१ जीवनसत्त्व) आणि इतर औषधं देऊन थांबवतात. आणि मरणाचे विचार असतील तर चार आठवडे वाट बघायची नाही.

बाळंतपण

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणं, चटकन दुखावलं जाणं हे अनेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. निवळलं नाही, किंवा बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, ‘मी वाईट आई आहे’ हे डोक्यातून जात नाही, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य. भारतात साधारण पाचातल्या एका आईला ते होतं. एडिनबरा ही दहा प्रश्नांची प्रश्नावली यासाठीच आहे. १३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टर गाठा, १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा.

गोव्यातल्या मातांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं यांचा या नैराश्याशी थेट संबंध दिसला. त्यामुळे बाळंतिणीला ‘हवं-नको’ विचारताना पहिली मुलगी झाल्यावर घरात कोण काय बोललं, हेही विचारा. मराठी घरांत आणखी एक वळण असतं. माहेरी सव्वा महिना किंवा तीन महिने जपलेली लेक बाळासह सासरी परतते, त्याच आठवड्यात रात्रीची जागरणं आणि सकाळचे डबे एकदम अंगावर येतात. पहिले दोन महिने ठीक होती म्हणून नंतरचं मनावर घेतलं जात नाही. नेमक्या चौथ्या ते आठव्या महिन्यात बाळंतपणानंतरचा थायरॉइडही मंदावू शकतो, म्हणून टीएसएच पुन्हा करा.

आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या भेटीत आईची पाच मिनिटं सासूबाईंच्या अनुपस्थितीत मागून घ्या. खरं उत्तर तेव्हाच मिळतं. करायचं काय, तर बाळाला रात्रीचं एक दूध नवऱ्याने किंवा तिच्या आईने द्यायचं, म्हणजे तिला सलग पाच तास झोप मिळेल. स्तनपान चालू असताना सरट्रालिन चालतं. औषध घेता यावं म्हणून अंगावरचं दूध तोडायला लावणं बहुतेक वेळा अनाठायी असतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आई अजिबात झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळ बदललंय किंवा त्याच्यात काही शिरलंय असं म्हणू लागली, तर हा वेगळा आजार आहे आणि तातडीचा आहे. ‘बाहेरचं’ समजून दोन दिवस घालवले तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात.

इतर परिस्थिती

*मृत्यू.* दुःख लाटांसारखं येतं, मध्ये आठवणी निघतात, हसूही येतं, आणि माणसाला स्वतःची किंमत वाटत असते. नैराश्यात लाट ओसरत नाही आणि स्वतःबद्दलच घृणा वाटते. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, खरी पोकळी त्यानंतर. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात जेवायला बोलावणारं कुणी असेल असं आधीच ठरवून घ्या. पहिल्या आठवड्यांत झोपेच्या गोळ्यांची सवय लावू नका.

*कर्ज आणि नापिकी.* मन जागेवर नसताना कर्जाचा आकडा प्रत्यक्षाहून मोठा वाटतो. म्हणून विश्वासाच्या एका माणसासोबत बसून एका पानावर मांडा: कुणाचं, मुद्दल किती, व्याज किती, कागद काय, आणि या महिन्यात खरोखर कुणाला द्यावंच लागेल. बँक आणि सोसायटीच्या कर्जाचं पुनर्गठन मागता येतं. विनापरवाना सावकाराविरुद्ध महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, सावकारीपोटी गेलेली जमीन परत मागण्याचीही तरतूद त्यात आहे. हे केल्याने नैराश्य बरं होत नाही, पण उपचार चालू असताना रोज दारात उभा राहणारा तगादा थांबतो. फवारणीचा हंगाम संपला की उरलेलं कीटकनाशक घरात ठेवू नका.

*मारहाण.* बाई उदास आहे आणि नवरा सतत शेजारी बसून तिच्या वतीने उत्तरं देतोय, तर तिच्याशी एकटीशी बोला. १८१ ही महिला हेल्पलाइन. इथे नवरा-बायकोचं एकत्र समुपदेशन हा पहिला उपाय ठरवू नका, आत बोललेल्याचा सूड घरी उगवला जातो.

*शुश्रूषा करणारे.* अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करणारी सून, स्मृतिभ्रंश झालेल्या आईचा मुलगा. यांचं नैराश्य कुणी तपासतच नाही. आठवड्यातला ठरलेला अर्धा दिवस दुसऱ्याने घ्यावा, वार आणि वेळ लिहून. ‘लागलं तर सांग’ म्हटल्याने कुणी सांगत नाही.

*स्पर्धा परीक्षा.* पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या मुलांची झोप, जेवण आणि माणसांशी बोलणं तिन्ही तुटतं. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय, हे निकालाच्या आधी, मन शांत असताना घरच्यांसोबत लिहून ठेवा. निकालाच्या रात्री ठरवू नका, आणि त्या रात्री खोलीवर एकटं राहू नका.

*परदेशातला हिवाळा.* कॅनडा, ब्रिटन, स्वीडनमध्ये राहणाऱ्यांना दर वर्षी ठरावीक महिन्यांत जास्त झोप, गोड खाण्याची ओढ आणि खिन्नता येत असेल, तर १०,००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप) दिवा सकाळी उठल्यावर २० ते ३० मिनिटं, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर ठेवून वापरता येतो. संध्याकाळी वापरला तर झोप उडते. बायपोलर असेल तर आधी विचारा.

उपचार सुरू करताना

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याचे उपचार औषधाइतकेच उपयोगी पडतात. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला. तीव्र नैराश्य असलेल्यांनाही त्याचा फायदा झाल्याचं २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याचा गाभा घरीही वापरता येतो. वहीत दिवसाचे तास आखा. प्रत्येक तासात काय केलं ते एक आठवडा नुसतं लिहा आणि पुढे दोन आकडे द्या: बरं किती वाटलं, काही केल्यासारखं किती वाटलं, दोन्ही शून्य ते दहा. दुसऱ्या आठवड्यात ज्याला चार-पाच मिळाले अशा दोन गोष्टी निवडा आणि त्यांची वेळ ठरवा. गोष्ट इतकी छोटी हवी की सर्वांत वाईट दिवशीही जमेल: ‘रोज फिरायला जाणं’ हे फार मोठं, ‘सात वाजता चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत’ हे जमणारं. इच्छा व्हायची वाट बघू नका. या आजारात इच्छा आधी येत नाही, कृती झाल्यावर मागून येते. हे फसतं ते घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्धा तास योगा, प्राणायाम आणि देवळात जाणं असं सगळं एकदम लादलं की.

गोळ्या सुरू केल्या तर पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता येते. फायदा दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी. बरेच जण नेमके दहाव्या दिवसाच्या आसपास ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा, अस्वस्थता वाढली तर लगेच कळवा. साठीपुढच्यांना, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, सोडियम उतरण्याचा धोका असतो. दोन आठवड्यांनी सोडियम तपासा, आणि गोंधळ किंवा तोल जाणं दिसलं तर त्याआधीच. डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक शक्यतो टाळावं.

जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग असतो. प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीची संस्था. तिथे जाणं म्हणजे भरती होणं असं समजू नका, बहुतेक जण तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतात.

पूर्ण बरं वाटू लागल्यावर गोळी आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते. आजार आधीही येऊन गेला असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. थांबवताना निदान चार आठवडे घेऊन डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी करत जायचं. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं असं होतं. गोळी सोडल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालेला हा त्रास गोळी सुटण्याचा असतो आणि ओसरतो. काही आठवडे बरे गेल्यावर हळूहळू परतलेली खिन्नता मात्र आजाराची असते. दर महिन्याला पीएचक्यू-९ भरत राहिलात तर दोन्हींतला फरक आकड्यांतच दिसेल.